परतीची नळी

“बघा ताई, याला आम्ही चांदी म्हणतो,” गिअरबॉक्सवाला म्हणाला आणि त्याने हातातला पांढरा ट्रे उन्हाकडे कलता धरला.

पिकअपमधून काढलेलं लाल तेल ट्रेच्या कडेला सरकलं. त्यात बारीक कण चमचमत होते.

“लोखंडाचा भुगा आहे. गिअरबॉक्स आतून झिजतोय. तेल मी बदललंय, पण आत उरलेले कण फिरत राहणार, घासत राहणार, आणखी भुगा पाडणार. सहा महिने निघतील, फार तर. त्यापेक्षा साधा क्लचवाला गिअरबॉक्स टाका. कटकटच नको.”

गिअरबॉक्सवाल्याची नजर तिच्या डाव्या पायावर गेली आणि त्याने जीभ चावली.

तो पाय गुडघ्यात वाकत नव्हता. लहानपणी हाडात पू झाला, बरा झाला, पण गुडघा ताठ झाला तो कायमचा. तेव्हापासून घरात जो येई तो तिला आधी खुर्ची दाखवी. चाळिशीपर्यंत तिने बसून करायची सगळी कामं केली. मग एके दिवशी नवऱ्याने भंगाराच्या लिलावातून ही पिकअप आणली. “हिला क्लच नाही. डावा पाय नुसता ठेवायचा,” तो म्हणाला आणि शाळेच्या मोकळ्या मैदानात त्याने तिला तीन आठवडे शिकवलं. त्याला आता बारा वर्षं झाली होती. शहरातल्या सहा लहान दवाखान्यांच्या चादरी, गाऊन आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे ती सकाळी गोळा करून धुलाईला नेई आणि संध्याकाळी इस्त्रीचे गठ्ठे परत पोचवी. बारा वर्षांत एकाही ऑपरेशनला तिच्यामुळे उशीर झाला नव्हता. हे ती कोणाला सांगत नसे, पण मनात पक्कं मोजून होती.

“बाहेरून फिल्टर बसवला तर?” तिने विचारलं. “एका अँब्युलन्सवाल्याने बसवलाय. मी बघितला.”

“बसवतात काही जण. पण मी हात लावणार नाही. चार जोड वाढतात, ताई. एक जोड सुटला की तेल रस्त्यावर आणि गिअरबॉक्स भंगारात. मग बोल मला लागणार.”

“आणि मीच बसवला तर?”

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून थांबला. “मिस्त्रींना विचारा,” एवढंच म्हणाला.

मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. हा गिअरबॉक्सवाला त्याच्याच हाताखाली शिकलेला. मिस्त्रीचं नाव गावात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. तीही त्याला लाडात असली की मिस्त्री म्हणायची आणि चिडली की जरा जास्तच मिस्त्री म्हणायची. गेली चार वर्षं त्याला कंपवात होता. हातात कप दिला तर चहा बशीत उतरे. गॅरेज कधीच बंद झालं होतं. हत्यारांची पेटी मात्र पलंगाखाली होती आणि दर महिन्याला तो ती बाहेर काढून पाने पुसत बसे.

तिने घरी येऊन सगळं सांगितलं. तो खिडकीपाशी बसून ऐकत होता.

“मी तुला जोडून दिला असता,” तो म्हणाला.

“तुम्ही सांगा. मी जोडते.”

“तुला जमेल?”

“का? चादरीची घडी तुमच्यापेक्षा सरळ घालते मी.”

“चादर काय, चुकली तर पुन्हा घालता येते.”

“म्हणूनच तुम्हाला शेजारी बसवतेय ना.”

रविवारी दवाखान्यांची फेरी नसे. सकाळीच तिने घरामागच्या फरशीवर गाडी घेतली, चाकांना विटा लावल्या आणि पुठ्ठा अंथरून खाली सरकली. ताठ पाय गाडीखालून फळीसारखा बाहेर आला होता. मिस्त्री स्टुलावर बसला होता. नवा फिल्टर, त्याची बैठक, तेलाला टिकणारी जाड नळी आणि क्लिपा असं सगळं त्याने जुन्या उशीच्या अभ्र्यावर ओळीने मांडून घेतलं होतं. एकेक वस्तू ठेवायला त्याला वेळ लागला, पण एकही वाकडी नव्हती.

“बैठक चॅसीला लाव. सायलेन्सरपासून लांब. नवीन भोक पाडू नकोस, जुनं मिळेल तिथे.”

“मिळालं.”

“बोट घालून बघ. गंज आहे?”

“थोडा.”

“मग आधी घास. घाई नको.”

तिने घासलं. गंज डोळ्यांत पडला, तो बाहीने पुसला, पुन्हा घासलं. दोन बोल्ट बसवायला तिला पाऊण तास लागला. मिस्त्रीला पूर्वी पाच मिनिटं लागली असती, पण तो विषय त्यानेही काढला नाही आणि तिनेही नाही.

मग नळ्यांची पाळी आली. गिअरबॉक्समधून गरम तेल एका नळीने पुढच्या जाळीत जातं, तिथे थंड होतं आणि दुसऱ्या नळीने परत येतं. फिल्टर परतीच्या नळीत बसवायचा, आणि त्याच्यावरचा बाण तेल वाहतं त्याच दिशेला ठेवायचा. उलटा बसला तर तेल अडतं. तेल अडलं की गिअरबॉक्सला सहा महिने काय, सहा किलोमीटरसुद्धा पुरे होतात.

“वरची परतीची,” मिस्त्री म्हणाला. “काप.”

तिने पातं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“आधी बघूया का? नळी काढून, गाडी जरा चालू करून?”

“अगं, वरची परतीची. आयुष्य गेलं माझं यात.”

“माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. गाडीवर नाहीये.”

“मी सांगतोय ना!” त्याचा आवाज चढला आणि हातही जोरात थरथरायला लागले. ते त्याने मांड्यांखाली दाबून धरले.

ती गाडीखालून बाहेर आली आणि पुठ्ठ्यावर बसून त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाईट वाटत होतं. या माणसाने इंजिनाचा आवाज फोनवर ऐकून बिघाड सांगितलेले तिने पाहिले होते. पण ही गाडी गेली तर तिला पुन्हा खुर्चीत बसायचं होतं, आणि ते तिच्याच्याने होणार नव्हतं.

“तुमची गोळी दहाला ना?” ती म्हणाली. “गोळी घ्या. अर्ध्या तासाने हात जरा शांत होतील. मग किल्ली तुम्ही फिरवा, मी खाली बघते. मी हो म्हटलं की चालू, बस म्हटलं की बंद. दोन सेकंद. दुसऱ्या कोणाला मी किल्लीला हात लावू देणार नाही.”

त्याने मांड्यांखालून हात काढले. मग म्हणाला, “पाणी आण.”

साडेदहाला तो गाडीत चढून बसला. तिने वरची नळी जाळीपासून सोडवली, तिचं तोंड एका बाटलीत घातलं आणि जाळीच्या उघड्या तोंडाखाली टब धरला. मिस्त्रीचं खरं असेल तर तेल जाळीतून टबात पडणार होतं. तेल नळीतून आलं तर वरची नळी जाण्याची.

“हो!”

मिस्त्रीने दोन्ही हातांनी किल्ली धरून फिरवली. इंजिन उठलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग बाटलीत लाल पिचकारी बसली आणि बाटली तिच्या हातात जड होत गेली.

“बस! बस!”

इंजिन थांबलं. टब कोरडा होता.

“कुठून आलं?” वरून आवाज आला.

तिच्या मनात आलं, सांगू नये. खालची नळी गुपचूप कापावी, त्याला काय दिसतंय वरून! पण या माणसाने तिच्याशी कधी पायावरून खोटं बोलून तिची समजूत काढली नव्हती. पहिल्याच दिवशी मैदानात तो म्हणाला होता, पाय वाकणार नाही, गाडी वाकेल.

“नळीतून,” ती म्हणाली. “वरची जाण्याची आहे. परतीची खालची.”

ती उठून दाराशी गेली. तो समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत होता.

“त्या दुसऱ्या गाडीला वरची होती,” तो म्हणाला.

“कुठल्या?”

त्याने आठवून बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलले, पण गाडी काही सापडली नाही.

“मी तुझा गिअरबॉक्स जाळला असता आज,” शेवटी तो म्हणाला.

“जळला नाही ना? चला, उतरा. खालची नळी कापायचीय, आणि पातं सरळ चालतंय का ते मला दिसत नाही. तुम्ही बघा.”

तो लगेच उतरला नाही. ती दार धरून उभी राहिली. ताठ पायावर फार वेळ उभं राहिलं की तिची कंबर धरे, हे त्याला माहीत होतं. थोड्या वेळाने त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली उतरला.

पुढचं काम तो फार हळू आवाजात सांगत गेला. वरची नळी पुन्हा जाळीला चढवून झाली. खालची त्याने तिला आडवी, एका झटक्यात कापायला लावली. रबराचा कण आत राहू नये म्हणून फडक्याने दोनदा पुसून घेतली. बाणाची दिशा त्याने तीनदा विचारली आणि तिने तीनदा बोट ठेवून दाखवली. क्लिपा आवळताना तिच्या तळहाताला फोड आला. दुपारी दीड वाजता तेल भरून गाडी चालू केली. जोडांकडे बघून ती ओरडली, “कोरडं आहे सगळं!”

“थांब. तापू दे.”

दहा मिनिटांनी तो स्वतः गुडघ्यांवर बसला आणि नळीवरून हात फिरवू लागला. हात थरथरत होता, पण बोटं काहीतरी शोधत होती. तिसऱ्या जोडापाशी ती थांबली. त्याने अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं.

“इथे पाझरतंय. क्लिपला अर्धा आटा दे.”

तिने टॉर्च मारला. काही दिसत नव्हतं. कोरडं फडकं लावून बघितलं, तर मुगाएवढा लाल डाग उमटला.

“कसं कळलं हो तुम्हाला?”

“हाताला कळलं,” तो म्हणाला. तेवढ्याने त्याचा चेहरा जरा सैल झाला.

तिने आटा दिला. इंजिन चालूच ठेवून तेलाची पातळी बघितली, वाटीभर आणखी घातलं, आणि दोघं चक्कर मारायला निघाली. धुलाईच्या कारखान्याकडे जाणारा चढ गेले दोन महिने गाडी धक्के देत चढायची. आज दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना एकच धक्का बसला, तोही हलका. टोकाला पोचल्यावर तिने गाडी बाजूला घेतली आणि खाली वाकून बघितलं. रस्त्यावर थेंब नव्हता.

“हा काही इलाज नाही हं,” मिस्त्री म्हणाला. “भुगा अडवेल, झिजलेलं भरून देणार नाही. वर्ष काढेल. कदाचित दोन.”

“दोन वर्षांत मी खूप चादरी पोचवते,” ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने हात धुतले आणि पांढऱ्या रंगाचं पेन आणलं. फिल्टर कधी बसवला ती तारीख आणि गाडीचे किलोमीटर त्याच्यावर लिहून ठेवायचे होते. टोपण काढून ती वाकली, आणि मग पेन तिने त्याच्यापुढे धरलं.

“माझं अक्षर आता...” तो म्हणाला.

“मला वाचता येतं.”

तो पुठ्ठ्यावर आडवा झाला. डाव्या हाताने त्याने उजवं मनगट घट्ट पकडलं. ती टॉर्च धरून शेजारी बसली आणि आकडे एकेक करून सांगत राहिली. तो लिहीत होता. सात वाकडा झाला, नऊ घसरत बैठकीच्या कडेपर्यंत गेला. लिहून झाल्यावर तो रंग वाळेपर्यंत तिथेच पडून राहिला, आणि तिनेही टॉर्च हलवला नाही.