वाकड्याचा माग

बाण सुटला आणि नेमक्या त्याच क्षणी हरणानं एक पाऊल पुढं टाकलं.

मचाणावर बसलेल्या मोरेश्वरच्या तोंडून "अरे, अरे, अरे" एवढंच निघालं, तेही कुजबुजत. बाण जिथं बसायला हवा होता त्याच्या वीतभर मागं बसला. छातीत बाण लागलेलं हरीण उधळतं आणि थोडं पळून कोसळतं. हे उधळलं नाही. पोटशूळ उठलेल्या माणसासारखी पाठ वाकवून ते सावकाश झाडीत चालत गेलं. जाताना त्याचं डावं शिंग मावळतीच्या उजेडात स्पष्ट दिसलं. ते वर जायचं सोडून कानावरून खाली वळलेलं होतं, म्हणून मोरेश्वरनं त्याचं नाव वाकड्या ठेवलं होतं. दोन हिवाळे तो त्याच्यावर डोळा ठेवून होता.

खाली उतरून त्यानं आरपार जाऊन बर्फात पडलेला बाण उचलला. रक्त काळपट होतं आणि त्याला अर्धवट पचलेल्या चाऱ्याचा वास येत होता. म्हणजे पोटातच.

मोरेश्वर करंदीकर हा काही शिकाऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस नव्हे. मिरजेच्या शाकाहारी घरातला मुलगा, मिशिगनमध्ये गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आला आणि तिथंच रिटायर झाला. तिथल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात दोनदा सेक्रेटरी होता, गणपतीत आरत्या अजूनही तोच सांगतो. तो हरणं मारून खातो हे मिरजेत कळलं तेव्हा थोरल्या बहिणीनं वर्षभर त्याचा फोन उचलला नव्हता. हा नाद त्याला लावला डेलनं. डेल कारखान्यात फोरमन होता आणि हे रान त्याचंच. आता डेल नाही, पण त्याची मुलगी मोरेश्वरला अजून येऊ देते.

डेलचं शास्त्र दोनच कलमांचं होतं. पहिला जीवघेणा घाव ज्याचा, हरीण त्याचं, मग ते कोणालाही आणि कधीही सापडो. आणि हरीण त्याचं म्हणजे त्याचं मरणही त्याचंच, तेव्हा ते सापडेपर्यंत त्यानं हातपाय पसरून घरी बसायचं नाही. मोरेश्वरनं गुरुचरित्र जेवढ्या श्रद्धेनं वाचलं नसेल तेवढ्या श्रद्धेनं हे पाळलं होतं.

मात्र पोटात घाव बसलेल्या हरणाचा लगेच पाठलाग करायचा नसतो. त्याला एकटं सोडलं तर ते जवळच कुठंतरी बसतं आणि तिथंच शांतपणे जातं. उठवलं तर मैलभर पळून तडफडून मरतं. म्हणून आता घरी जायचं आणि उजाडल्यावर माग काढायला यायचं.

आणि उद्या नेमका मार्गशीर्षातला गुरुवार होता.

मार्गशीर्षात घरात मांस आणायचं नाही आणि गुरुवारी रानात पाऊल टाकायचं नाही, असं त्यानं बायकोला, वीणाला, कधीकाळी कबूल केलं होतं. तिच्या महालक्ष्मीच्या व्रताचा दिवस तो. इतकी वर्षं हे कधी आड आलं नव्हतं. आज आलं. गाडीत बसून त्यानं हात चोळले आणि चारुदत्तला फोन लावला.

चारुदत्त हा त्याचा पस्तीस वर्षांचा दोस्त. दोघांची पहिली अपार्टमेंटं एकाच जिन्यात होती. धनुष्य धरायला त्याला मोरेश्वरनंच शिकवलं होतं, पण आजवर चारुदत्तच्या वाट्याला माद्याच आल्या होत्या. मोठ्या शिंगांचा नर त्याला कधी मिळाला नव्हता आणि मंडळातले लोक त्यावरून त्याची मनसोक्त टिंगल करत.

"चारू, वाकड्याला बाण लागला. पण शॉट खराब गेला यार. पोटात लागलाय."

"वाकड्याला? काय सांगतोस! मग आता?"

"उद्या सकाळी माग काढायला हवा, आणि उद्या गुरुवार आहे. वीणाचा उपवास, पूजा सगळं आहे. तू जाशील का? खूण म्हणून बाण मचाणाखाली रोवून ठेवलाय. तिथून रक्त दिसेल."

"अरे, त्यात विचारायचं काय? मी जातो. तू आरामात आरती कर."

गुरुवारी सकाळी वीणानं घट मांडला, कहाणी वाचली. मोरेश्वर पाटावर बसून हात जोडत होता, पण कान खिशातल्या फोनकडे होते. दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात तो वाजला.

"मोरू, नाही रे सापडला. ओढ्यापर्यंत रक्त होतं, पुढं काहीच नाही. ओलांडून उत्तरेकडे गेला असणार. आय ॲम सॉरी यार."

मोरेश्वरनं पान पुढं सारलं. वीणानं पानाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि काय झालं ते काढून घेतलं. ऐकून ती चांगलीच तडकली.

"मला विचारायचं तरी! व्रत माझं होतं की तुमचं? जनावराला जखमी करून पूजेला येऊन बसा, असं कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"मला वाटलं, तुला चालणार नाही."

"तुम्हाला वाटलं. तिथंच तर सगळं चुकतं तुमचं."

दुसऱ्या दिवसापासून तो रोज रानात जाऊ लागला. गुरुवारी रात्री नवा बर्फ पडून ठसे, रक्त सगळं झाकलं गेलं होतं, तेव्हा चारुदत्तच्या सांगण्यावरच भिस्त होती. ओढ्यापलीकडची उत्तरेची झाडी त्यानं वीत न् वीत पालथी घातली. शेजारच्या शेतकऱ्याची परवानगी काढली, त्याच्या मक्याच्या खुंटांतून हिंडला. कावळे दिसले की तिकडे धावला. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, की पोटात भोक पडलेला तो प्राणी कुठंतरी पडलाय, उठू बघतोय आणि त्याला उठवत नाही. रविवारी चारुदत्तही आला. थर्मासमधून चहा आणला होता, बायकोनं बांधून दिलेले थालीपिठाचे तुकडे आणले होते. सकाळभर तो मोरेश्वरबरोबर बर्फ तुडवत हिंडला. "इकडं बघू या का?" "ते काय दिसतंय रे तिकडं?" असं म्हणत एकेका झुडपाखाली वाकून बघत होता. निघताना त्यानं मोरेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला.

"सोड आता. जिवाला नको लावून घेऊस. होतं असं."

"डेल असता तर त्यानं मला पुन्हा रानात घेतलं नसतं," मोरेश्वर म्हणाला.

आणि आठवड्याभरानं त्यानं स्वतःच स्वतःला रानातून काढलं. धनुष्य, बाणांचा भाता, मचाणाचे पट्टे सगळं गाडीत घालून तो चारुदत्तकडे गेला आणि त्याच्या हवाली केलं. ज्याला आपण घाव घातलेलं जनावर सापडत नाही त्याला शस्त्र धरायचा अधिकार नाही, असं म्हणाला. चारुदत्त क्षणभर धनुष्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बघ हं, नक्की?" आणि त्यानं ते घेतलं.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी चारुदत्तकडे हळदीकुंकू होतं. नव्वारी, पैठण्या, बाहेर बर्फ आणि दारात बुटांचा ढीग. बायका बैठकीच्या खोलीत मावेनात तेव्हा चारुदत्तच्या बायकोनं, नीनानं, स्वयंपाकघरातून हाक मारली.

"भाऊजी, बेसमेंटमधून चार फोल्डिंग चेअर्स आणता का हो? फर्नेसच्या खोलीत आहेत. चारू बर्फ काढतोय, ड्राइव्ह-वेवर गाड्या लावायला जागा नाहीये."

मोरेश्वर खाली गेला. दिवा लावला. खुर्च्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. त्यांच्यावरच्या फळीवर, वर्तमानपत्रावर, उकडून पांढरी केलेली एक कवटी सुकत ठेवली होती. उजवं शिंग ऐटीत वर गेलं होतं. डावं कानाच्या जागेवरून खाली वळलं होतं.

त्यानं ते शिंग हातात धरलं. दुसऱ्या कोणाचं असेल अशी स्वतःची समजूत घालायचा त्यानं प्रामाणिक प्रयत्न केला, कारण पस्तीस वर्षांची दोस्ती माणूस इतक्या सहजी टाकत नाही. पण मिशिगनमध्ये हरणं कितीही असोत, असलं शिंग एकच होतं. बाजूच्या खिळ्याला त्याचंच धनुष्य टांगलेलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. "खुर्च्या सापडल्या का रे?" म्हणत चारुदत्त आला. टोपीवर बर्फ होता. मोरेश्वरच्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो दारातच थांबला.

"मी सांगणार होतो तुला," तो म्हणाला.

"कधी सापडला?"

"मोरू, आधी ऐकून घे..."

"कधी?"

"त्याच दिवशी. गुरुवारी, सकाळीच. ओढ्याच्या अलीकडे, दलदलीच्या कडेला एक मोठा मेपल आडवा पडलाय ना, त्याच्यामागं बसला होता. जिवंत होता अरे. मान वर करून माझ्याकडे बघत होता. मी बाण मारला. मारला मी, माझ्या परवान्याचा टॅग लावला मी. लीगली माझाच आहे तो. तुझ्या बाणावर सोडला असता तर कोयोटींनीच खाल्ला असता."

"म्हणजे दुपारी तू मला फोन केलास, तेव्हा तो मेलेला होता."

चारुदत्तनं टोपी काढून हातात धरली.

"आणि तू मला उत्तरेला पाठवलंस. रविवारी माझ्याबरोबर हिंडलास. झुडपांखाली वाकून बघत होतास, चारू. मला चहा पाजलास."

"तू मागितला असतास तो."

"दिला असता रे!" मोरेश्वरचा आवाज फुटला. वर कोणीतरी उखाणा घेतला आणि बायका खळखळून हसल्या. "दिला असता तुला. तू शेवटचा बाण मारलास, त्याचे हाल संपवलेस, मी तुझे पाय धरले असते. शिंगं काय करायची आहेत मला? मला 'गेला' एवढा एकच शब्द हवा होता. तो प्राणी कुठं तडफडतोय म्हणून मी महिनाभर झोपलो नाही आणि तुला माहीत होतं. माझं धनुष्य घेताना तुझा हात कसा थरथरला नाही?"

"मला वाटलं, थोड्या दिवसांनी तू विसरशील. आणि मग सांगणं फार ऑकवर्ड झालं. सगळे हसायचे माझ्यावर, तुला माहितेय. मला एकदा फक्त... जाऊ दे. घेऊन जा ते. आत्ता घेऊन जा. धनुष्यपण ने."

मोरेश्वरनं कवटी वर्तमानपत्रावर होती तशी ठेवली.

"मांस कोणी खाल्लं?"

"नीना घरात येऊ देत नाही. आणि एकट्याला ओढवत नव्हता तो."

"म्हणजे मुंडकं कापलंस आणि बाकीचा टाकून आलास."

चारुदत्त हातमोज्यांवरचा बर्फ झटकत राहिला. मोरेश्वरनं दोन खुर्च्या एका बगलेत घेतल्या, दोन दुसऱ्या. चारुदत्त मदतीला पुढं झाला तसं तो म्हणाला, "राहू दे." वर जाऊन त्यानं खुर्च्या मांडल्या, नीनाच्या हातचा तिळगूळ घेतला, तिला गोडच बोलला, कारण तिचा काही अपराध नव्हता. मग वीणाला खूण केली आणि दोघं बूट घालून बाहेर पडले. सगळं त्यानं गाडीत सांगितलं. सांगताना मध्येच गाडी बाजूला घ्यावी लागली, इतका तो रडला. रागानं की दुःखानं ते त्याचं त्यालाही उमगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बूट चढवत होता तेव्हा वीणा कोट घालून दारात उभी होती.

"मी येतेय."

"तू? तिथं?"

"चला."

इतक्या वर्षांत तिनं त्या रानात कधी पाय ठेवला नव्हता. मोरेश्वर पुढं बर्फ दाबत चालला आणि ती त्याच्या पावलांत पावलं टाकत मागून आली. मचाण उजवीकडे ठेवून ते दलदलीच्या कडेला पोचले. मेपल आडवा पडलेला होता. या झाडापासून हाकेच्या अंतरावरून तो कितीदा उत्तरेकडे वळून गेला होता, ते त्याला आठवलं.

झाडामागं, बर्फातून फासळ्या वर आल्या होत्या. कातड्याचा एक तुकडा गोठून लाकडासारखा झाला होता. पायांची हाडं कोल्ह्या-कोयोटींनी इकडं तिकडं ओढून नेली होती. डोकं नव्हतंच. मोरेश्वर गुडघ्यांवर बसला आणि हातमोजा काढून फासळ्यांवरचा बर्फ पुसू लागला. वीणा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"हा आपला ना?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "आपलाच."

तिनंही हातमोजे काढून कोटाच्या खिशात घातले. दुखरा गुडघा सांभाळत ती खाली वाकली, लांब ओढून नेलेलं पायाचं एक हाड उचललं, आणि आणून बाकीच्या हाडांशेजारी ठेवलं.