आधी खुंटी, मग पाणी

मी एक जुनी फळी आहे. हातभर लांब, चार बोटं रुंद आणि पाच खुंट्यांची. दारातून आत आलं की डाव्या हाताच्या भिंतीवर माझी जागा. मित्रांनो, बघून कुणी 'वा!' म्हणेल असं माझ्यात काही नाही. पण या घरात येणाऱ्याचा हात सगळ्यात आधी मला लागतो आणि त्याचा मला अभिमान आहे. जरा जास्तच आहे, असं दार म्हणेल. त्याचं मनावर घेऊ नका. दार आणि मी एकाच लाकडातून निघालो, म्हणून त्याला माझी खोड काढायची सवय आहे.

सुताराने दार बसवलं तेव्हा मी नुसता उरलेला तुकडा होते. जिन्याखाली धूळ खात पडले होते. माझं नशीब उघडलं ते एका हरवलेल्या किल्लीमुळे.

या घरातले बाबा घड्याळजी होते. तांदळाच्या कणीहून बारीक स्क्रू ते चिमट्यात अचूक धरायचे, पण घराची किल्ली कुठे ठेवली ते त्यांना कधी सांगता यायचं नाही. आई रुग्णालयात परिचारिका होती. एका सकाळी तिची कामावर जायची वेळ झाली आणि किल्ली सापडेना. गाद्या उलटल्या, डबे उपडे झाले, ताई आणि तिचा धाकटा भाऊ पलंगाखाली शिरले. तासाभराने किल्ली निघाली ती बाबांच्या सदऱ्याच्या खिशातून, आणि तो सदरा त्यांच्याच अंगात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आई कामावर पोचली तोवर वॉर्डातला एक म्हातारा औषधाची वाट बघून बघून रडकुंडीला आला होता. संध्याकाळी घरी आल्यावर ती कुणावर ओरडली नाही. जिन्याखालून मला उचललं, झटकलं आणि तडक सुताराकडे नेलं.

"याला पाच खुंट्या ठोकून द्या."

"पाच कशाला? घरात माणसं तर चारच," सुतार म्हणाला.

"पाचवी येणाऱ्याची," आई म्हणाली.

मी भिंतीवर चढले आणि घरात एकच नियम झाला. आत आल्यावर आधी खुंटी, मग पाणी. कितीही तहान लागलेली असो, किल्ली अडकवल्याशिवाय माठाकडे जायचं नाही. पहिल्या खुंटीवर बाबांच्या दुकानाची किल्ली, दुसऱ्या खुंटीवर आईची, तिसऱ्यावर ताईची, चौथ्यावर धाकट्याची. या धाकट्याला घरात सगळे गोंधळ्या म्हणत, आणि नाव त्याला शोभायचं. त्याची किल्ली बुटात सापडे, बादलीत सापडे. एकदा तर ती साबणाच्या वडीत रुतलेली सापडली. आई ती धुऊन पुसून त्याच्याच हातात द्यायची आणि त्याला पुन्हा दारापर्यंत चालत पाठवायची. "जा. आतल्या आत नको. बाहेरून ये आणि अडकव." चौथी खुंटी भरायला मला दोन वर्षं वाट बघावी लागली.

मग ती सवय माझ्यापासून निघून घरभर पसरली. कात्री खिळ्यावर गेली. चष्मा खिडकीत बसला. मिठाचा डबा खिडकीकडून दुसरा, साखरेचा चौथा. वापरलं की हात पुसायच्या आधी जागेवर. शोधाशोध थांबली आणि संध्याकाळी घरात चक्क वेळ उरू लागला! त्या वेळात बाबा मुलांना घड्याळं उघडून दाखवायचे आणि आई पाय पसरून नुसती बसायची.

आईची आणखी एक सवय होती, ती मात्र तिची एकटीची. कामावरून आली की स्वतःची किल्ली अडकवायची आणि मग तळहात माझ्यावरून डावीकडून उजवीकडे फिरवायची. एक, दोन, तीन, चार. सगळ्या खुंट्या भरलेल्या असल्या की तिचा श्वास सुटायचा आणि मगच ती चपला काढायची. एखादी खुंटी रिकामी असली तर हात तिथेच थांबायचा. त्या हाताला औषधांचा वास येई. मला तो वास अजून आठवतो.

मित्रांनो, मुलं मोठी होतात, फळी मात्र तेवढीच राहते. ताई नोकरीसाठी दूरच्या गावी गेली, तिकडेच तिचं लग्न झालं. निघताना ती किल्ली काढून ठेवत होती. आईने ती तिच्या मुठीत परत घातली. "राहू दे. स्वतःच्या घरात शिरायला तुला दार वाजवायला नको." काही वर्षांनी गोंधळ्याही गेला, तोही असाच मुठीत किल्ली घेऊन. मग एका दुपारी बाबा दुकानात काम करता करता गेले. दुकान दुसऱ्या कुणीतरी घेतलं, कुलूप बदललं. बाबांची किल्ली आता काहीच उघडत नाही, पण आईने ती पहिल्या खुंटीवरून हलवली नाही.

किल्लीला वजन ते किती? पण ते गेलं की खुंटीला फार जाणवतं. संध्याकाळी आईचा हात फिरायचा. एक, दोन, आणि पुढे लाकूड. तिसऱ्या खुंटीवर हात जरा रेंगाळायचा, चौथीवर त्याहून जास्त. मला वाटायचं, आपल्याला तोंड असतं तर म्हटलं असतं, येतील गं. पण माझ्याने फक्त तिथे असणं होत होतं.

त्यानंतर तिचा हात बदलला. आधी ती आत येता येता, दुसरीकडे बघत बघत किल्ली अडकवायची. आता बोटं आधी खुंटी शोधायची, धरायची आणि मग किल्ली तिच्यावर सरकवायची. तिची नजर जात होती. माणसाची आकृती कळे, अक्षर दिसेना. ती स्वतः परिचारिका, तिला कोण फसवणार? गेलेली नजर परत यायची नव्हती, उरलेली थेंब घालून टिकवायची होती. थेंबांची बाटली उशाशी डावीकडे ठेवलेली असायची आणि तिची वेळ कधी चुकली नाही. ती हे कुणालाच बोलली नाही. मुलांचा फोन आला, एकटी कशी राहतेस म्हणाली, की ती हसायची. "मला काय धाड भरलीय?" फोन ठेवून ती माझ्यापाशी यायची आणि बाबांच्या किल्लीला हात लावून म्हणायची, "सांगू नका हं. कळलं तर नेतील मला इथून."

आणि तिला दिवा न लावताही चहा करता येत होता. ज्या सवयी तिने मुलांना लावल्या, त्यांच्याच आधाराने ती घरात चालत होती.

मागच्या महिन्यात ताई तिला आठ दिवस आपल्या घरी घेऊन गेली. तेवढ्यात गोंधळ्या आणि सूनबाई आले. आईला चकित करायचं म्हणून! माणूस कुठून कुठे जातो बघा. साबणात किल्ली रुतवणारा हा पोरगा आता असा टापटिपीचा झाला होता की बघत राहावं. त्याने पारदर्शक डबे आणले. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात नाव चिकटवलं. भांडी वरून खाली, कपडे खालून वर, चष्मा कपाटात, कात्री खणात. दाराजवळच्या भिंतीला नवा रंग काढला आणि किल्ल्यांसाठी कपाटाच्या आत एक चकचकीत पट्टी लावली. मला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं. मी रडले नाही, लाकूड रडत नाही. पण त्याने प्रेमाने केलं होतं, म्हणून मला रागावताही येईना. माळा दारासमोरच, आणि कागद एका कोपऱ्याला फाटलेला. त्यातून मला पुढचं सगळं दिसलं.

ताई आईला घेऊन आली. गोंधळ्या दारातच उभा होता.

"आई, डोळे मिट. मी सांगितलं की उघड!"

आईने डोळे मिटले आणि सवयीने किल्लीचा हात डावीकडे नेला. भिंत गुळगुळीत. हात पुढे सरकला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. पाच जागी थांबला. शेवटी तिने किल्ली मुठीत मिटून घेतली.

"हं, उघड आता! कसं वाटतंय?"

"छान," आई म्हणाली. "बसा तुम्ही. चहा टाकते मी."

चहा आला. गोंधळ्याने पहिला घोट घेतला आणि खो खो हसत सुटला. "आई, मीठ घातलंस की गं!"

"डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, आई," सूनबाई बिचारी सहज बोलून गेली.

ताई हसली नाही. मघाशी दारात भिंतीवर चाचपडणारा आईचा हात तिने बघितला होता. "आई," ती म्हणाली, "तुला वाचता येतंय?"

आई म्हणाली, "दोन वर्षं झाली."

"माझ्याकडे आठ दिवस एका खुर्चीत बसून होतीस! मला वाटलं, विसावा घेतेयस."

गोंधळ्याचा चेहरा उतरला. "मग एकटीने राहायचं नाही. आजच चल आमच्याबरोबर."

"तुमच्या घरी मी आंधळी आहे रे," आई म्हणाली. "इथे मला दिसत होतं. आठ दिवसांपूर्वीपर्यंत सगळं दिसत होतं." तिने मान वर केली. "जिथलं तिथे ठेवा. मग मी चहा करते. त्यात मीठ पडलं, तर निमूट येईन तुमच्याबरोबर."

खरी पंचाईत पुढेच होती. काय कुठे होतं, ते तिघांपैकी कुणालाच आठवेना. तेव्हा आई घराच्या मधोमध खुर्ची टाकून बसली आणि सांगत गेली. मीठ खिडकीकडून दुसरं. साखर चौथी. पळी भिंतीला पाठ लावून. सूनबाई डब्यांवरची नावं एकेक सोलून काढत होती. मला माळ्यावरून उतरवलं ते गोंधळ्याने. त्याने मला भिंतीला लावून खिळा धरला.

"चार बोटं खाली," आई बसल्या जागेवरून म्हणाली. उठली, तिने नव्या रंगावर तळहात फिरवला आणि लगदा भरून बुजवलेलं जुनं भोक बोटाने बरोबर शोधलं. "इथे."

तो खिळा आत गेला तेव्हा मला जे वाटलं ते मला सांगता येणार नाही.

मग आई स्वयंपाकघरात गेली. तिघंही बाहेर कान देऊन उभी होती. डब्याचं झाकण वाजलं, मग दुसरं. चहा आला. गोंधळ्याने घोट घेतला, आणि मग एका दमात कप रिकामा केला.

"गोड आहे," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

आई राहिली. ताई आता रोज फोन करते, दर महिन्याला येते. त्या दिवशी आईने खणातून एक जादा किल्ली काढली आणि सूनबाईच्या हातात दिली. "पाचवी खुंटी तुझी. इतकी वर्षं रिकामी ठेवलीय." गोंधळ्याने आपली किल्ली खिशातून काढली, मुद्दाम दाराबाहेर गेला, आत आला आणि चौथ्या खुंटीवर अडकवली; ताईने तिसऱ्या, सूनबाईने पाचव्या. तासभर माझ्या पाचही खुंट्या भरलेल्या होत्या. आईने हात फिरवला. शेवटपर्यंत गेला तो. मग मुलांच्या गाडीची वेळ झाली, आणि तिन्ही किल्ल्या त्यांच्याबरोबर गेल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी फळी असेल किंवा नुसता एक खिळा असेल. बाहेरून आलात की तुमची वस्तू तिच्या जागी ठेवा. घर आवरलेलं दिसावं म्हणून नव्हे. तुम्ही आलात, हे त्या वस्तूवरून कुणाला तरी कळत असतं. आता दिवस मावळतोय. आई आत्ताच आली, किल्ली अडकवली, आणि तिचा हात फिरतोय. एक, दोन. तिसऱ्या खुंटीवर तो थांबलाय, आणि मीही.