पोशाखाची पेटी

गरिमाने पलंगाखालची लोखंडी पेटी खसकन ओढली आणि फरफटत बैठकीत आणली.

"कुठे नेतेस ती?" सासरे जयसिंहराव पेपर बाजूला टाकून उठले.

"गच्चीवर."

"गच्चीवर? उन्हानं जरतार काळी पडेल. चूपचाप परत ठेव."

पेटीत त्यांच्या आजोबांचा दरबारी पोशाख होता. दसऱ्याला तासभर मिरवायचा आणि उरलेलं वर्ष कसरीपासून जपायचा. जपायचं म्हणजे डांबराच्या गोळ्या मूठ-मूठ टाकायच्या आणि महिन्यातून एकदा पलंगाखाली कीटकनाशक फवारायचं. लेकीच्या, प्रांजलीच्या वेळी गरिमा नऊ महिने त्याच पलंगावर झोपली. वास सहन होत नाही म्हणाली, तर "डोहाळे असतील," म्हणून जयसिंहराव हसले होते. सगळेच हसले होते. आता चार वर्षांच्या प्रांजलीला धाप लागली की दोष गरिमाच्या कुल्फीचा. पोटुशी असताना ती बाड्यावरच्या बाजारात जाऊन कुल्फी खायची ना! हे सगळं तिने मुकाट ऐकून घेतलं होतं. आता पुन्हा तिसरा महिना लागला होता.

"काल इंदरगंजच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, आई होत्या ना सोबत, विचारा त्यांना! याच एका कारणाने झालं असं नाही म्हणता येत. पण मूल पोटात असताना असले वास, असले फवारे, यानं दम्याचा खतरा वाढतो."

"डॉक्टरांचं काय जातं! आमच्याकडे सगळे असेच पैदा झाले."

"पोशाखाला भोक पडू नये म्हणून माझ्या पोरीची छाती घरघरते, आबा! दुसऱ्याची नाही घरघरू देणार."

सासूबाई, मंदाताई, पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. कुल्फीची गोष्ट घरोघरी सांगितली होती ती त्यांनीच. त्यांनी पेटीची कडी धरली, तशी गरिमाने दुसरी कडी घट्ट आवळली.

"सोड," मंदाताई म्हणाल्या. "तू वजन नको ओढूस."

त्यांनी एकटीने पेटी ओढत नेली, पण गरिमाच्या खोलीत नाही. जयसिंहरावांच्या खोलीत नेऊन त्यांच्या दिवाणाखाली पायाने सारली.

"अगं, इथे कुठे? रात्रभर वास मारेल. झोप लागेल का मला?"

मंदाताईंनी दिवाणावरची चादर नीट केली, उशी थोपटली.

"डोहाळे असतील," त्या म्हणाल्या.