सरी, सरी

मला मागे बसलं की गाडी लागते, म्हणून कॅबमध्ये मी पुढे आणि आई मागे खिडकीशी. ती साताऱ्याहून पहिल्यांदाच बंगळुरात माझ्याकडे आलेली. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे म्हटल्यावर ती हसली होती. मी स्वतः तिचा पट्टा लावला, ओढून पाहिला, तरी दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होते. मधल्या सीटचा पट्टा कव्हरखाली कुठेतरी गडप झालेला. तिथे अजिबात बसायचं नाही, हे तीनदा बजावलं होतं.

ड्रायव्हर फोनवर कुणाला तरी "सरी, सरी" म्हणत होता. कन्नडमध्ये सरी म्हणजे 'ठीक आहे', एवढंच.

महादेवपुऱ्याच्या वळणावर त्याने करकचून ब्रेक दाबला. दोन सीटांच्या फटीतून आई थेट गिअरपर्यंत आली. चष्मा माझ्या पायाशी पडला.

कुठे लागलं नाही हे पाहिलं आणि मग मी ओरडलेच, "पट्टा काढून मध्ये कशाला आलीस?"

"तोच म्हणाला ना, सर, सर! धड अहो-जाहोसुद्धा नाही मेल्याला." तिने चष्म्यासाठी हात पुढे केला. "आणि त्याला तरी काय बोलू? आठ दिवस तूही फोन कानाला लावून हेच म्हणतेयस. सोफ्यावरून उठले, स्वयंपाकघरात गेले, तिथून गॅलरीत. आता आणखी कुठे सरू, सांग."