शेळगावच्या गच्चीवरचा कोबा

मित्रांनो, शेळगावात कुंडलिकरावांच्या गच्चीवर चढलात, की पायाखाली जो भेगाळलेला, काळा पडलेला थर लागतो, तो मी. मला कोबा म्हणतात. स्लॅबमध्ये पाणी मुरू नये म्हणून गवंड्यांनी विटांचे तुकडे सिमेंटात बसवले, उतार दिला, वरून गुळगुळीत घोटले आणि मी झालो. १९९३चा उन्हाळा होता तो.

कुंडलिकरावांचे वाडवडील मेंढरांमागे रानोमाळ फिरलेले. हे त्यांचे पहिले पक्के घर. येता-जाता ते मला तळहाताने चाचपून बघत. मला फार बरे वाटे.

नवा कोबा ओला ठेवावा लागतो, नाहीतर तडकतो. म्हणून माझ्यावर टाकायच्या पाण्याची पिंपे ट्रॅक्टरने आणून अंगणात ठेवली होती. गावातल्या विहिरी मात्र आटल्या होत्या.

एका दुपारी कुंडलिकराव रानात असताना शेजारची छबूबाई धावत आली.

"भागूवैनी, आमची मेंढरं माना टाकाय लागली. टँकर आलाच न्हाय बघा."

भागूबाई म्हणजे कुंडलिकरावांची कारभारीण. तिने एकदा गच्चीकडे पाहिले आणि पिंपांची झाकणे काढली.

संध्याकाळी कुंडलिकरावांना रिकामी पिंपे दिसली. "आगं, कोबा तडकंल की!"

"तडकला तर बुजवू. मुकी जनावरं मरताना बघवंना मला."

"मग बुजीव तुझी तूच."

पुन्हा पाणी मिळेपर्यंत मी तडकलो होतो. मेंढरे वाचली. मित्रांनो, त्या भेगांचे मला वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते पुढे घडले त्याचे.

पावसाचे पाणी माझ्यातून स्लॅबमध्ये उतरू लागले. भागूबाई पातेली मांडायची, ज्वारीची पोती ओढायची. "अवं, भेगा बुजवा की," म्हणायची.

"जा, छबूबाईला सांग."

दरवर्षी हेच. जिन्याखालच्या गोणीतले सिमेंट दगड झाले. दोघे कामापुरतेच बोलू लागले. आणि माझ्याखाली स्लॅबच्या सळया गंजत राहिल्या.

एका पावसाळ्यात, सकाळच्या वेळी, छताचा मोठा पोपडा धाडकन कोसळला. खाली भागूबाई धान्य निवडत बसली होती. तिची किंकाळी ऐकून पहिली धावली ती छबूबाईच. तिने आणि कुंडलिकरावांनी भागूबाईला जीपमध्ये घालून बारामतीच्या दवाखान्यात नेले.

ती परत आली, पण तिचा उजवा हात पुन्हा खांद्यापर्यंत उचलला गेला नाही.

मग कुंडलिकराव घमेले घेऊन वर आले. गुडघे टेकून त्यांनी भेग न् भेग खरवडली, सिमेंटने भरली. खालून भागूबाईचा आवाज आला, "आता कशापायी करताय?"

खाली मान घालून ते एकाच भेगेवरून बोट फिरवत राहिले.

मित्रांनो, तुमच्या गच्चीवर भेग दिसली, तर कुणामुळे पडली हे विचारत बसू नका. पावसाआधी बुजवा. पाणी कुणावर रुसलेले नसते, ते सरळ खाली उतरते. आणि खाली आपलेच माणूस बसलेले असते.