नानांगच्या ताटलीतला घास

आजारी पडण्याआधी नानांगनं, माझ्या आईनं, बोकडाचं कालदेरेता, म्हणजे मटणाचा दाट रस्सा, केलं होतं. त्यातलं उरलेलं आईस्क्रीमच्या एका रिकाम्या डब्यात फ्रीजरमध्ये होतं. तिला पुरून आल्यावर मी तो डबा मागे, बर्फात सरकवला. कुणी विचारलं असतं तर मासे आहेत म्हणून सांगितलं असतं.

नवव्या दिवसाच्या आदल्या दुपारी वीज गेली, ती सकाळीच आली. फेलिसा आँटीनं, आईच्या धाकट्या बहिणीनं, फ्रीजर उघडून डबा ओट्यावर ठेवला. त्याला पाणी सुटलं होतं.

"वेंग, हे आता परत गोठवता यायचं नाही. आजच संपवायला हवं."

"मी खाईन."

"एकटी? अंगणात डुक्कर शिजतंय, सगळा गाव प्रार्थनेला येणार, आणि तू कोपऱ्यात बसून आईचं मटण खाणार? ती असती तर कान पिरगळला असता तुझा."

ते खरं होतं. पण डब्यात मटण मूठभरच होतं. आँटीनं कपाटातून स्पॅगेटीची पाकिटं काढली, आमच्याकडे पोरांच्या वाढदिवसाला करतात ती.

"कलेजी वाटून घातलीय, रस्सा दाट आहे. मटण सोडवून यात कालवू. प्रत्येकाला घासभर तरी मिळेल."

नऊ दिवस प्रार्थना सांगणाऱ्या शेजारच्या मनांग दितास दारात टेकल्या होत्या. "फेलिसा, वाढदिवस आहे का गं? मेणबत्त्या लाव मग."

"लावल्यात की फोटोपुढे. तुम्ही फुंकू नका म्हणजे झालं."

मी हाडांवरून मटण सोडवत बसले. वास येत असणार. इस्पितळातून परतल्यापासून मला कशाचीच चव लागत नव्हती. भात, कॉफी, मासे, सगळं ओल्या कागदासारखं. हे मात्र लागेल, असं मी धरून चालले होते. डबा त्यासाठीच लपवला होता.

आमच्याकडे पहिली वाढ मेलेल्या माणसाची. कुणी चाखायच्या आत ताटली काढून फोटोपुढे ठेवायची. माणूस येऊन जेवतं, अन्न तसंच राहतं, फक्त त्यातली चव जाते, असं म्हातारी माणसं सांगतात. रस्सा गरम झाला तसा मी एक मोठा तुकडा आणि बटाट्याची फोड ताटलीत काढली.

मग आँटीनं स्पॅगेटी टाकली, ढवळली, आणि पोरांच्या वाढदिवसाला जातो तसा तिचा हात केळ्याच्या गोड केचपकडे गेला. अर्धी बाटली. मागोमाग साखर. मी बघत होते. 'थांब' हा शब्द मला माहीत होता, पण तो तोंडापर्यंत यायला वेळ लागला.

आँटीचा हात आपोआप थांबला. "मी काय केलं गं हे."

"स्पॅगेटी दिसली की आपला हात जातोच," मनांग दितास हळू म्हणाल्या.

आँटी बाटली मांडीवर घेऊन स्टुलावर बसली.

"असू दे, आँटी," मी म्हटलं. "पोरं खातील."

पोरांनी खाल्ली. पुन्हा मागून घेतली. प्रार्थना झाली, माणसं जेवली, पातेलं रिकामं झालं. राहिली फक्त फोटोपुढची ताटली. तिच्यात रश्श्याच्या कडेनं पांढरी चरबी थिजली होती.

तातांग, माझे वडील, फोटोजवळ बसून होते. इतके दिवस ते कॉफीवरच होते.

"ते तू खा आता," ते म्हणाले. "स्वतःसाठीच ठेवलंयस ना."

"नानांगसाठी ठेवलं होतं."

"हो, हो. खा."

मी तुकडा तोंडात घातला. मटण मऊ होतं. चरबी टाळूला चिकटली. मी सावकाश चावलं आणि वाट पाहिली.

"कसं लागतंय?"

मी पुन्हा चावलं. "काहीच चव नाही."

त्यांनी फोटोकडे पाहिलं. खांदे जरा खाली आले. "म्हणजे जेवली ती," ते म्हणाले. "मला वाटत होतं, येते की नाही."

मग त्यांनी ताटलीकडे हात केला.

मी ती माझ्याकडे ओढली आणि उरलेलं सगळं संपवलं, बटाट्याची फोडसुद्धा. बोटानं रस्सा पुसून घेतला.

"भात उरलाय का गं आत?" तातांगनी विचारलं.

मी त्यांच्यासाठी भात आणायला उठले.