चिचुंद्रीची एकादशी

आश्विनाचे ऊन. पिकत्या भाताच्या लोंब्यांवर रेंगाळलेले, खाडीच्या पाण्यात विरघळलेले, कौलांच्या फटींतून कोठीघराच्या सारवल्या भुईवर ठिबकणारे, पीतवर्ण, मंदगती, मौन ऊन.

त्या उन्हात एक पिंजरा. पिंजऱ्यात राखेच्या रंगाची, निमुळत्या तोंडाची, मोहरीएवढ्या डोळ्यांची चिचुंद्री.

अनसूयाबाईंनी चातुर्मास धरला होता. कार्तिकापर्यंत आपल्या हातून मुंगीही मरू द्यायची नाही. लेक मंदाकिनी बाळंतपणाला माहेरी आली होती. दोनदा विझलेल्या तिच्या कुशीत पुन्हा एक ज्योत लागली होती, आणि त्या ज्योतीभोवती आईने आपल्या व्रताची ओंजळ धरली होती.

पिंजरा शेजारच्या गोदाकाकूंचा, पण त्यांनी लावला होता इथे, अनसूयाबाईंच्या कोठीघरात. "उंदरासाठी लावला, तर ही बया शिरली! दे इकडे, हौदात बुडवते."

"नको हो काकू. अंगणात सोडली तर पुन्हा घरातच येईल. पोथी झाली की मीच खाडीकडे सोडून येते."

"म्हणजे दिवेलागण! बरं बाई, घडू दे तिलाही एकादशी."

काकू हसल्या, पोट सावरत मंदाकिनी हसली. अनसूयाबाईही हसल्या.

मग त्यांनी पिंजऱ्यात भगरीचा घास सरकवला. शेंगदाण्याचे कूट, केळ्याची चकती, पणतीत पाणी. शुभ्र, सात्त्विक, तुपाचा हात लागलेला घास. स्वतःच्या ताटात होते तेच त्यांनी तिला दिले. आणि त्या पोथीला बसल्या. पोथी उघडली की संपेपर्यंत आसन सोडायचे नाही, असा नेम.

ओवीमागून ओवी. आणि ओवीआड ते चीत्कार. तीक्ष्ण, तुटक, तारेवर घासलेल्या नखासारखे.

"आई, फार ओरडतेय गं ती," मंदाकिनी माजघरातून म्हणाली. "बघतेस का जरा?"

अनसूयाबाईंनी न बोलता हात उंचावला. थांब. एवढा अध्याय. मग त्यापुढचा एवढा.

ऊन भिंतीवर चढले. चीत्कार विरळ झाले, क्षीण झाले, निमाले. "नाम ऐकतेय बिचारी," त्यांच्या मनात आले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

पोथीला हळदकुंकू वाहून त्या उठल्या तेव्हा खाडीवर जांभळी सावली उतरली होती. पिंजऱ्यात भगर तशीच. केळे तसेच. आणि त्या घासाजवळ, कुशीवर, चारही इवले पाय जवळ घेऊन ती निजलेली. निजलेली नव्हे.

किड्यांवर, झुरळांवर जगणारा तो जीव. घटकाघटकेला भुकेचे होमकुंड भरावे लागणारा. तूप लावलेला घास त्याच्यासाठी मातीच होता.

मंदाकिनीने भिंत धरत वाकून पाहिले. त्या राखाडी पोटावरचे लव झडलेले, ओलसर, फुगीर बिंदू तिने पाहिले.

"आई," ती हलकेच म्हणाली, "हिला दूध होतं गं."

लेकीच्या पोटाकडे पाहण्याचे धैर्य अनसूयाबाईंना झाले नाही. लुगड्याच्या पदरात त्यांची बोटे वळत राहिली, वळत राहिली.

तेवढ्यात तांदळाच्या कणगीमागून काहीतरी सरकत आले. राखाडी, अरुंद, लवलवते. क्षणभर वाटले, सापाचे पिल्लू. पण ती पिल्ले होती, तिचीच. पुढच्याची शेपटी मागच्याच्या तोंडात, त्याची त्याच्यामागच्याच्या. आईमागे चालण्याची त्यांच्या कुळाची रीत. फक्त सर्वांत पुढच्याच्या तोंडात काहीच नव्हते. ते हवेत तोंड उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते.

ओळ पिंजऱ्याशी आली. तारेभोवती वळली. वळता वळता पहिल्याच्या तोंडाला एक शेपटी लागली, शेवटच्या पिल्लाची, आणि त्याने ती घट्ट धरली.

मग ते कडे फिरू लागले. मेरुमणी गळालेली माळ जशी. आरंभ नाही, अंत नाही, आई नाही. भुईवरचा प्रकाश मिटत गेला, आणि त्या मिटत्या प्रकाशात ते फिरत राहिले, विश्वासाने, निःशब्द, फिरतच राहिले.